आजीची दोन नावं आणि आबांची पेन्शन

आबा 9 जुलै 2025 ला गेले. बुधवार होता, आषाढी होऊन तीनच दिवस झालेले. इगतपुरीकडचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना पाऊस वेगळा सांगायला नको. पहाटे आजी चहा घेऊन गेली तर उठलेच नाहीत. 85 वर्षांचे होते, आदल्या रात्री नागलीची अर्धी भाकरी आणि दूध घेऊन नीट झोपले होते. आजीने चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांचा हात धरून बसली, आम्ही नाशिकहून पोचेपर्यंत तशीच बसलेली होती.

हे सगळं लिहितेय कारण नंतरचे सहा महिने आजीची फॅमिली पेन्शन सुरू करण्यात गेले, आणि त्या काळात मी रात्री रात्री मोबाईलवर शोधायचे की आपल्यासारखं कुणाचं झालंय का, कुणी लिहिलंय का, तर मराठीत काहीच धड सापडायचं नाही. कुणाला उपयोग झाला तर बरं. आणि दुसरं म्हणजे या कागदांच्या मागे फिरता फिरता मला माझे आबा नव्याने कळले, तेही सांगायचंय.

एक आधीच सांगते, आजीची नावं मी इथे लिहीत नाहीये. माहेरचं नाव एका नदीचं आहे आणि सासरचं देवीचं, तेवढं पुरे.

आबा रेल्वेत होते. 1962 ला गँगमन म्हणून, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत, लागले, नंतर कीमन झाले आणि 2000 साली साठाव्या वर्षी कीमन म्हणूनच रिटायर झाले. कीमन म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंड्या आणि गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके घेऊन रोज आपली ठरलेली बीट चालणारा माणूस. कुठे रूळ धरून ठेवणारी चावी सैल झालीय का, कुठे रूळाला चीर दिसतेय का, पाच-सहा किलोमीटर बघत जायचं आणि बघत परत यायचं. कसारा घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची बहुतेक नोकरी झाली. आम्ही लहान असताना ते आम्हाला इगतपुरी स्टेशनला न्यायचे, तेव्हा मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांची इंजिनं तिथे बदलायची, कारण मुंबईकडची वीज डीसी आणि इकडची एसी. आबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून हे आम्हाला असं समजावून सांगायचे की जणू ती वीज त्यांनीच ओढून आणलीय. घाट चढताना कसाऱ्याला गाडीला मागून बँकर लावतात, ती बँकर इंजिनं दाखवून म्हणायचे, "पुढं ओढणाऱ्याला सगळे बघतात, मागून रेटणाऱ्याला कोण बघतंय." मग प्रत्येकाला एक वडापाव. स्वतः घ्यायचे नाहीत, एक आजीसाठी कागदात बांधून घ्यायचे.

तर आता क्रमाने सांगते.

घरी मृत्यू झाला की आधी डॉक्टरचा मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासून लगेच दिला. मग ग्रामपंचायतीत नोंद. ही 21 दिवसांच्या आत करायची, नंतर लेट फी आणि पुढे परवानग्या लागत जातात. आम्ही 14 जुलैला फॉर्म दिला, 21 ला दाखला हातात आला. दहा प्रती काढा. मला वाटलं होतं तीन पुरतील, पण बँक, रेल्वे, तलाठी, गॅस, रेशन, विमा, सगळीकडे एकेक लागते आणि परत परत पंचायतीत जाणं जमत नाही.

आणि इथेच आमची गोची झाली जी तेव्हा लक्षात आली नाही. त्या फॉर्ममध्ये पत्नीचं नाव विचारतात. काकांनी आधार कार्ड बघून आजीचं देवीचं नाव लिहिलं. आमच्यासाठी तेच तिचं नाव होतं, रेशन कार्डावर तेच, मतदार यादीत तेच, बँकेच्या जॉइंट खात्यावर तेच. तुमच्याकडे पेन्शनर माणूस असेल तर हा फॉर्म भरायच्या आधी पीपीओ, म्हणजे पेन्शनचं जे मूळ कागद-पुस्तक असतं ते काढून त्यात पत्नीचं नाव काय आहे ते बघा. आम्ही बघितलं नाही.

24 जुलैला तेरावा वगैरे आटोपून मी आणि बाबा आजीला घेऊन बँकेत गेलो. खातं दोघांचं जॉइंट होतं त्यामुळे नवीन खातं उघडावं लागलं नाही, हे खूप मोठं काम वाचतं, ज्यांचं खातं एकट्याच्या नावावर आहे त्यांनी आजच जॉइंट करून घ्या. बँकेचा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची झेरॉक्स, आजीचं आधार, पॅन, फोटो, आणि एक हमीपत्र की जास्त पैसे जमा झाले तर परत करू. ते हमीपत्र का तर पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. बँकेला कळवायला उशीर झाला आणि पूर्ण पेन्शन जमा होत राहिली तर नंतर ती कापून घेतात. म्हणून आधी कळवा, आणि माणूस गेल्यावर त्यांच्या एटीएम कार्डाला हात लावू नका, कितीही नड असली तरी.

अजून एक कागद होता, पुनर्विवाह केलेला नाही याचं घोषणापत्र. टेबलावरच्या मॅडमलाच अवघडल्यासारखं झालं, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, नियमच आहे हो." आजीने चष्मा पुसला, पूर्ण वाचून काढलं आणि शांतपणे सही केली. आजी चौथी शिकलेली आहे, कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, ही सवय तिला आबांनी लावली.

मॅडमनी कागद तपासताना पीपीओवर बोट ठेवलं. "इथे पत्नीचं नाव वेगळं आहे."

बाबांनी बघितलं, मी बघितलं. नदीचं नाव. बाबा म्हणाले टायपिंगची चूक असेल. पण एका नावाचं दुसरं नाव टायपिंगच्या चुकीने होत नाही ना. आजी काहीच बोलली नाही, पदर तोंडाला लावून खिडकीकडे बघत बसली. मला वाटलं थकली असेल.

मॅडम म्हणाल्या पाठवून बघू. कागद त्यांच्या पेन्शन प्रोसेसिंग सेंटरला गेले आणि 11 ऑगस्टला परत आले, नाव जुळत नाही, पीपीओमध्ये दुरुस्ती करून आणा. आबांची पेन्शन बंद झालेली, आजीची सुरू नाही. पैशांची अडचण आम्ही भागवली असती पण आजी कुणाकडून घेईना. डाळीच्या डब्यात ठेवलेले काढून खर्च करायची. "ह्यांची येईल ना" म्हणायची. ते ऐकवायचं नाही.

पुढचा महिना निव्वळ वाया गेला. कुणी म्हणालं गॅझेट करा, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घ्या. एका एजंटने गॅझेटचे 5,000 सांगितले. मी जवळजवळ देणारच होते. नशीब की ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले, ते म्हणाले, अगं नाव बदललंय कुठे, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत एवढंच सिद्ध करायचंय, आधी रेल्वेच्या सेटलमेंट सेक्शनला, म्हणजे रिटायर झालेल्यांचं काम बघतात तिथे जा, पैसे घालवू नकोस. हे वाक्य मला महिनाभर आधी कुणी सांगितलं असतं तर!

10 सप्टेंबरला प्रतिज्ञापत्र केलं. शंभरचा स्टॅम्प पेपर चालत नाही म्हणाले, पाचशेचा घेतला. टायपिंग आणि नोटरी मिळून 450. मजकूर साधा होता, की अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, पहिलं माहेरचं, दुसरं लग्नानंतरचं, पतीच्या सेवा अभिलेखात पहिलं नोंदलेलं आहे. आजीने तेही पूर्ण वाचलं. नदीच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे मी लिहायचंय का सहीत?" वकील म्हणाले नको, बँकेत जी सही करता तीच करा. तिने मान हलवली.

16 सप्टेंबरला मी मुंबईला गेले. सकाळच्या गाडीने सीएसएमटी, तिथे डीआरएम ऑफिस, म्हणजे रेल्वेच्या विभागाचं मुख्य कार्यालय. मी घाबरलेली होते, की मला हाकलून लावतील, दहा टेबलं फिरवतील. पण खरं सांगते, पीपीओ नंबर, रिटायर झाल्याची तारीख, शेवटचं पद आणि शेवटचं ठिकाण ही चार गोष्टी तुमच्याकडे असतील तर निम्मं काम तिथेच होतं. माझ्याकडे होत्या कारण आबांची फाईल होती, त्यात 1962 च्या नेमणुकीच्या कागदापासून सगळं तारीखवार लावलेलं. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, म्हणाल्या जुनी सर्व्हिस शीट, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद, काढावी लागेल, वेळ लागेल, आणि आजीचं माहेरचं नाव दाखवणारा एखादा जुना सरकारी कागद आणा, प्रतिज्ञापत्र एकटं पुरत नाही. अर्जाची पोच घेतली, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट. पोच घेतल्याशिवाय कुठलंच टेबल सोडू नका, पुढचे तीन महिने मी फोनवर तो आवक क्रमांकच सांगत होते.

जुना कागद कुठला आणायचा? आजीचा जन्मदाखला नाही. लग्नाची पत्रिका नाही, 1963 ला आमच्याकडे कोण पत्रिका छापत होतं. मग काका म्हणाले ती शाळेत गेली होती ना. आजीचं माहेर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडे. दसरा झाल्यावर 6 ऑक्टोबरला मी आणि काका तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तेव्हा ती लोकल बोर्डाची शाळा होती. मुख्याध्यापक सरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कापडात बांधलेलं, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. तासभर आम्ही तिघं बोट लावून वाचत होतो आणि सापडलं. नदीचं नाव, पुढे पणजोबांचं नाव, आडनाव, आणि जन्मतारीख, 18 नोव्हेंबर 1945.

मी तिथेच खाली बसले. आजीच्या आधारवर 1 जानेवारी 1946 आहे, त्या काळच्या बहुतेक बायकांची असते तशी अंदाजे टाकलेली. तिला खरी तारीख माहीतच नव्हती. सरांनी उतारा लिहून, सही शिक्का मारून दिला, पैसे घेतले नाहीत. मी त्या पानाचा फोटो काढला.

जन्मतारखेचं महत्त्व यासाठी की केंद्राच्या पेन्शनमध्ये 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जास्त मिळतात, 85 ला 30, असं वाढत जातं, आणि ते फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. पण पीपीओत पत्नीची जन्मतारीखच नसेल तर बँक स्वतःहून देत नाही, पुरावा द्यावा लागतो. आमच्या पीपीओत नव्हती. आता खऱ्या तारखेने आजी नोव्हेंबरात 80 ची आणि आधारने जानेवारीत. काका म्हणाले खरी लावू. मी नको म्हटलं, दोन महिन्यांच्या वाढीसाठी आधार बदला, पॅन बदला, परत नवीन न जुळणं. एक वाद चालू असताना दुसरा उघडू नये असं माझं मत झालंय. आधारचीच तारीख दिली.

दिवाळीनंतर 30 ऑक्टोबरला रेल्वेचे वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी आले. अशा वेळी ते येऊन प्रत्यक्ष चौकशी करतात, घाबरायचं कारण नाही. शेजारच्या दोघांचे जबाब घेतले, जुनं मेडिकल कार्ड बघितलं ज्यावर आबा-आजीचा जोडीचा फोटो आणि खाली नदीचं नाव होतं. मग त्यांनी बॅगेतून एक झेरॉक्स काढली, सर्व्हिस शीटमधल्या कुटुंबाच्या माहितीची. आबांच्या हातचं, ठसठशीत देवनागरी. पत्नी, आणि पुढे नदीचं नाव.

"आजी, सासरी तर तुम्हाला दुसऱ्या नावाने ओळखतात. मग यजमानांनी हे का लिहिलं?"

आजी बराच वेळ गप्प होती. मग जे तिने सांगितलं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, बाबांना पण नाही.

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नाव लिहितात ना, तेव्हा थोरल्यांनी देवीचं नाव ठरवलेलं होतं. आबांनी सगळ्यांसमोर तेच लिहिलं, वडिलांच्या शब्दाबाहेर जायची सोयच नव्हती. पण नंतर एकटं असताना त्यांनी विचारलं, तुला तुझं आधीचं नाव आवडायचं का. ती हो म्हणाली. तर म्हणाले, मग ते राहू दे, घरातल्यांना जे म्हणायचं ते म्हणू दे. चारचौघात "अगं" आणि दोघंच असले की नदीचं नाव, 62 वर्षं. आणि साहेबाने कुटुंबाचा फॉर्म भरायला सांगितला तेव्हा तिथे घरातलं कुणी नव्हतं, तर त्यांनी ते नाव लिहून टाकलं आणि संध्याकाळी येऊन तिला सांगितलं, "सरकारात तुझं नाव लावून आलोय."

इन्स्पेक्टर साहेबांनी लिहायचं थांबवलं होतं. मी आत जाऊन पाणी आणलं, खरं तर तिथे बसवेना.

मग मला एकेक आठवायला लागलं. आजीचा खांदा आखडला तेव्हा आबा रोज सकाळी तिची वेणी घालायचे, आम्हा पोरींना हसू यायचं कारण वेणी एका बाजूला जायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर ड्रॉपची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही, घड्याळ हातात घेऊन बसायचे. आणि आजीने त्या दिवशी अजून एक सांगितलं. गँगमन असताना पावसाळ्यात रात्रीचं पेट्रोलिंग असायचं, घाटात दरड कधी येईल नेम नाही. क्वार्टरचं मागचं दार लाईनकडे होतं. रात्री तिथून जाताना आबा हातातला कंदील क्षणभर घराकडे धरायचे, की मी ठीक आहे, झोप. ती उजेड बघितल्याशिवाय झोपायची नाही. "एकदा पहाटेपर्यंत उजेड आला नाही. पाणी भरलं होतं, पुढं अडकले होते. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आले की भांडायचं. आले तर नुसती भाकरी वाढली."

इन्स्पेक्टर साहेबांनी तिचं नाव विचारलं, जबाबाच्या शेवटी पूर्ण नाव सांगा म्हणाले. आजीने पहिल्यांदा आमच्यासमोर नदीचं नाव घेतलं आणि पुढे आबांचं नाव घेतलं, सरळ, उखाणा न घेता. आयुष्यात मी तिच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं.

25 नोव्हेंबरला दुरुस्तीचं पत्र निघालं. त्यात दोन्ही नावं, मध्ये उर्फ. 1 डिसेंबरला ते बँकेत दिलं, परत पोच घेतली. 19 डिसेंबरला 10 जुलैपासूनची थकबाकी एकदम जमा झाली. मूळ 9,000, म्हणजे किमान फॅमिली पेन्शन, आणि त्यावर 58 टक्के महागाई भत्ता, मिळून महिन्याला 14,220. जानेवारीत 80 ची वाढ लागून 17,064 झाले. माझा एकूण खर्च, गाडीभाडं धरून, 3,000 च्या आत झाला. दिवस मात्र 162 लागले, पेन्शन थांबल्यापासून पैसे येईपर्यंत, आणि त्यातले निदान 30 माझ्या अज्ञानाचे.

हयातीच्या दाखल्याबद्दल एक. दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो, 80 च्या वरच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. आजीच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. चेहऱ्यावरून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, मोबाईलवर करता येतं, मी घरीच एकदा करून बघितलं, उजेडात बसवा आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा, तिसऱ्या वेळी होतं.

आणि घरात कुणी पेन्शनर असतील, दोघंही हयात असतील, तर या रविवारी पीपीओ काढून समोर ठेवा. पत्नीचं नाव, जन्मतारीख, जोडीचा फोटो, आणि शेजारी आधार, पॅन, पासबुक. फरक दिसला तर माणूस असताना दुरुस्त करा. आबांनी स्वतः एक अर्ज दिला असता तर झालं असतं. पण मग त्यांनी ते नाव का लिहिलं ते मला कधी कळलं नसतं, हेही आहे.

थकबाकी जमा झाली त्या दिवशी मी गावी गेले होते. शाळेच्या रजिस्टरचा फोटो मोठा करून नेला होता, आजीने तो आबांच्या कंदिलाशेजारी फळीवर ठेवला. मी तिला विचारलं, आता सगळ्यांना माहीतच झालंय, तर आम्ही तुला त्या नावाने हाक मारू का कधीतरी?

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नको गं. ते ह्यांचं."